गालावरचे खड्डे, कानावरची गाठ आणि ४२ हजारांचं लेझर पॅकेज

सुरंगीचा_वळेसर (१२ जून)

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी रत्नागिरीजवळच्या एका गावातली, वय २७. डिसेंबरात लग्न ठरलंय, तुळशीचं लग्न झालं की लगेचचा मुहूर्त. कॉलेजात असताना तोंडभर मुरमं होती. ती गेली, पण जाताना दोन्ही गालांवर खड्डे ठेवून गेली. तीन वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या नादाला लागून बुगडीसाठी कान वरच्या बाजूला टोचून घेतला. तिथे आधी हरभऱ्याएवढी गाठ आली, आता ती शेंगदाण्याला मागे टाकते आणि भयंकर खाजते. त्यात मागच्या मे महिन्यात आजीबरोबर काजू भाजताना उजव्या मनगटावर बियांचं तेल उडालं, तिथे काळा चट्टा आहे.

इथल्या एका पार्लर-कम-क्लिनिकमध्ये गेले होते. तिथली मुलगी म्हणाली, "लेझरची ६ सिटिंगं घ्या, ४२ हजार, तिन्ही जागा साफ." ॲडव्हान्स दिला तर ५ हजार सूट. आई म्हणते भरून टाक. होणारा नवरा म्हणतो, काही करू नकोस, आहेस तशी छान आहेस.

एकाच लेझरने हे तिन्ही जातं का?

निवांत_नाना

नवरा मुलगा आहेस तशी छान म्हणतोय ना? स्क्रीनशॉट काढून ठेव, पुढे कामी येईल. ४२ हजार वाचले, धागा बंद. (ह. घ्या.)

आंबोळी_चटणी

नाना, तुम्हाला दाढी आहे, तुमचे खड्डे त्यात बुजतात. रोज आरशात तिला बघायचंय, त्याला नाही.

सुरंगी, मलाही खड्डे होते, पैकी बरेच अजून आहेत. मी आधी लेझरच घेतलं. ३ सिटिंगं झाली, कातडी जरा मऊ झाली, खड्डे जिथल्या तिथे. मग दुसऱ्या डॉक्टरांनी गाल दोन बोटांत ताणून बघितला आणि म्हणाले, हे वरून भाजून काय होणार, खालून बांधलेलं आहे. त्यांनी सबसिजन केलं. गाल बधिर करून सुई कातडीखाली आडवी घालतात आणि खड्ड्याला खाली ओढून धरणारे तंतू तोडतात. दुखलं नाही, पण आवाज येतो! सुकट चावल्यासारखा कर्र कर्र, तोही स्वतःच्याच गालातून. नंतर दहा दिवस गाल जांभळा. ऑफिसात मास्क लावून बसले होते.

बांगडो_फ्राय

अगो बाय माझे, त्या पार्लरात पैशे भरू नको. माझ्या चुलतभयणीन गेल्या वर्षी असाच पॅकेज घेतल्यान. मशीन चालवणारो डॉक्टर नाय, काय नाय, कसलोसो कोर्स केल्लो पोरगो. दुसऱ्या शिटिंगानंतर तोंड काळा पडला, तव्याच्या बुडासारख्या. पैशे परत मागूक गेली तर म्हणता, तुमची स्किनच शेंशिटीव आसा. आता रडान काय उपेग?

शब्दकिडा

अवांतर होईल, पण राहवत नाही. प्रत्येक जण 'डाग' म्हणतोय. संस्कृतात व्रण म्हणजे जखम. मराठीत त्याचा झाला वण, आणि वण म्हणजे जखम भरल्यावर मागे राहते ती खूण. डाग पडतो, वण राहतो. सुरंगीच्या मनगटावर डाग आहे, गालावर वण आहेत.

निवांत_नाना

आणि कानावर?

शब्दकिडा

कानावर पार्लरवालीचा डोळा आहे.

डॉ_सालपटे

हसलो. पण शब्दकिडा यांनी नकळत निम्मं काम केलंय, म्हणून लिहितो.

मी त्वचारोगतज्ज्ञ. घाटावर प्रॅक्टिस, आजोळ गुहागर. न बघता निदान करणार नाही, आणि फोटो इथे कृपया टाकू नका. पण सुरंगीताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून ही एकच तक्रार तीन जागी नाही, तीन वेगळ्या तक्रारी आहेत. गालावर भरणा कमी पडलाय, कानावर भरणा जास्त झालाय, आणि मनगटावर भरणा ठीक आहे, फक्त रंग सांडलाय. तिघांना एकच लेझर म्हणजे पेज, वडे आणि सोलकढी एकाच टोपात.

आधी गाल. रात्री खोलीतला दिवा घालवा आणि मोबाईलचा टॉर्च कानाच्या बाजूने आडवा धरून आरशात बघा. समोरून न दिसणारे खड्डे सावलीने उठून दिसतील. सुईने टोचल्यासारखी बारीक खोल भोकं दिसली तर त्यांना आइसपिक म्हणतात. कडा सरळ आणि तळ सपाट, कांजिण्यांच्या वणासारखे असतील तर बॉक्सकार. आणि कडा नसलेली नुसती उंचसखल जमीन, वाफे काढल्यासारखी, ती रोलिंग. गाल बोटांनी ताणल्यावर जे बऱ्यापैकी दिसेनासे होतात ते बहुतेक रोलिंग, आणि सबसिजन त्यांच्यासाठी. आंबोळीताईंचं तेच झालं.

आइसपिकला साधारणपणे लेझर पुरत नाही, तो खोलवर पोचतच नाही. तिथे आम्ही तीव्र टीसीए ॲसिड टोकदार लाकडी काडीने फक्त भोकाच्या तळाशी टेकवतो. काही सेकंदांत तिथे पांढरा ठिपका उठतो, मग खपली धरते, आणि खालून नवीन कोलॅजन (कातडीला भरीव ठेवणारं प्रथिन) तयार होऊन भोक हळूहळू वर येतं. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा. दिसायला दातकोरणीचा खेळ आहे, पण हे ॲसिड ऑनलाइन मागवून घरी कोणी करू नका. शेजारच्या चांगल्या कातडीला लागलं तर एका वणाचे दोन होतात. खोल बॉक्सकार कधी कधी गोल पंचने कापून वर उचलावे किंवा टाके घालून बंद करावे लागतात. फ्रॅक्शनल सीओटू लेझर (ठिपक्याठिपक्यांनी कातडी भाजणारा) आणि मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) उथळ बॉक्सकारला आणि एकूण पोत सुधारायला चांगले. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर लेझरचा जोर जास्त झाला की ती काळी पडते, बांगडो यांच्या बहिणीचं झालं तसं. बहुतेकदा तो काळेपणा काही महिन्यांत उतरतो. तोवर ऊन टाळायचं आणि घासाघाशी बंद.

मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्या बंद केल्या असतील तर डॉक्टरांना सांगा. लग्न आहे म्हणून आणखी एक: ती गोळी चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर दिवस जाता कामा नयेत, गर्भात गंभीर व्यंगं येऊ शकतात.

कानाबद्दल रात्री लिहितो, ओपीडी भरलीय.

कुर्ली_रस्सा

डॉक्टर येईपर्यंत कानाचं मी सांगते, माझा तोच इतिहास.

कान टोचल्यावर गाठ आली. इथल्या एका सर्जनने दहा मिनिटांत कापून दिली. मी खूश. आठ महिन्यांत त्याच जागी दुप्पट मोठी, गुलाबी, चकचकीत. मग कळलं की ते किलॉइड. साधा जाड वण, ज्याला हायपरट्रॉफिक म्हणतात, जखमेच्या हद्दीत राहतो आणि कालांतराने थोडा बसतो. किलॉइड हद्द ओलांडतं. नुसतं कापलं की पुष्कळदा पुन्हा येतं, कारण कापणं म्हणजे त्याला नवी जखम.

माझं आयडी नाव उगाच नाही. या गाठीला नाव दिलं आलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरने, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, खेकड्याच्या डेंग्यावरून. बाजूच्या चांगल्या कातडीत असे डेंगे घालत पसरतं ना, म्हणून. हे वाचल्यापासून मी कुर्ल्या डबल खाते.

दुसऱ्यांदा कापलं नाही. गाठीतच ट्रायॅमसिनोलोन नावाच्या स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली, महिन्याला एक, एकूण ७. पहिलं सर्वात वाईट. गाठ दगडासारखी कडक, औषध आत जायलाच मागत नाही, डॉक्टरांचा अंगठा पांढरा पडला आणि मी खुर्चीचा हात धरून भीमरूपी म्हणत होते. तिसऱ्यापासून गाठ मऊ झाली, खाज थांबली. आता सपाट आहे, जागा जराशी पांढुरकी आणि पातळ. मधल्या काळात पाळीही एकदा पुढेमागे झाली, तेही होऊ शकतं असं आधी सांगितलं होतं.

खाडीकाठचा

बायकांच्या धाग्यात घुसतोय, माफी असावी. आमचं दिसण्याचं काही नाही, पण वणाने हात अडकला होता म्हणून लिहितो.

मी मच्छीमार. शिंगाळ्याचा काटा उजव्या करंगळीच्या मुळाशी घुसला, जखम चिघळली, महिनाभर हळद भरून बांधून ठेवली. भरली, पण कातडी आत गोळा होऊन बोट तळव्याकडे वाकलं. जाळ्याचा दोर मुठीत बसेना. जेवताना भाताचा घास करंगळीच्या फटीतून ताटात पडायचा, नातू हसायचा.

प्लास्टिक सर्जनने झेड प्लास्टी केली. वणाची रेघ सरळ असते आणि ओढून धरते. ती झेड अक्षरासारखी कापून दोन त्रिकोण अदलाबदल करून शिवतात, मग रेघ लांब होते आणि ओढ मोडते. होडीच्या शिडाला जोड देतात तसंच म्हणा. नंतर रात्री पट्टी बांधून झोपायचं आणि दिवसातून चार वेळा खोबरेल लावून रगडायचं. टाके लहान, रगडणं मोठं. कंटाळा केला असता तर पुन्हा वाकलं असतं असं ते म्हणाले.

आंबोळी_चटणी

बायकांचा धागा कुठे आहे हा? लिहा हो बिनधास्त. "घास ताटात पडायचा" वाचून थांबलेच जरा.

घरचा_वैद्य

एवढ्या सुया, ॲसिड, लेझर! आपल्या आज्या काय करायच्या? लिंबू आणि हळद १५ दिवस, वरून कोकमाचं मुठेल, म्हणजे बियांचं घट्ट तेल. खड्डे आपोआप भरतात. सुश्रुताने सगळं आधीच लिहून ठेवलंय.

डॉ_सालपटे

वैद्यबुवा, सुश्रुताने फाटलेली कानाची पाळी जोडायचे १५ प्रकार सांगितलेत, म्हणजे तोही कापायचा आणि शिवायचाच, नुसतं लिंबू पिळत नव्हता. लिंबू लावून उन्हात गेलात तर फोड येतात आणि तपकिरी पट्टे उठतात. मे महिन्यात सरबतं करणाऱ्यांच्या हातांवर बघतो मी. मुठेल मात्र चांगलं आहे, टाचांच्या भेगांना आणि कोरड्या कातडीला. जाड वण रगडायलाही चालेल. खड्डा त्याने भरत नाही.

आता कान. कुर्लीताईंनी माझं काम केलं. भर एवढीच: गाठ मोठी असेल तर इंजेक्शनबरोबर क्रायो, म्हणजे अतिथंड नायट्रोजनने गोठवणं, किंवा कापून लगेच इंजेक्शनं अथवा रेडिएशन असं जोडीने करतात. कापल्यावर दाब देणारी क्लिप कानाला लावतात. उगाच लेझर मारून ती गाठ डिवचू नका. आणि तुमची किलॉइडची प्रवृत्ती आहे हे गालाचं काम करणाऱ्याला आधी सांगा. कानावर झालं म्हणजे गालावर होईलच असं नाही, पण तो आधी छोट्या जागेवर करून बघेल आणि जबड्याची कड जपून हाताळेल. छाती, खांदे आणि कान या किलॉइडच्या लाडक्या जागा. लग्नाच्या उत्साहात खांद्यावर टॅटू काढू नका.

काजूगर

मनगटाबद्दल. आमचा काजूचा छोटा कारखाना, त्यामुळे हे रोजचं. बियांच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं. सोलणाऱ्या बायका हाताला राख नाहीतर तेल लावून बसतात, तरी बोटं काळी. गंमत म्हणजे आंबा, काजू आणि बिब्बा तिन्ही एकाच कुळातले. हापूसच्या देठाचा चीक ओठाला लागून काळं पडलेलं पोर प्रत्येक वाडीत सापडेल. ज्या झाडांनी पोसलं त्यांनीच डागलं!

माझ्या काकाने पाठदुखीवर बिब्बा घातला होता. नुसता डाग नव्हे, तिथे फोड येऊन खोल जखम झाली आणि जाड वण राहिला. म्हणजे एकाच जातीच्या रसाने कुणाला नुसता रंग, कुणाला वण.

डॉ_सालपटे

बरोबर. बोटाने चाचपून बघा. कातडी बाजूच्यासारखीच मऊ, सपाट लागली तर तो दाहानंतरचा काळेपणा. सनस्क्रीन आणि साधं क्रीम, सहा महिने ते वर्ष. त्याला लेझरची घाई नको.

गोळीबार_मेडिकल

दुकानदार म्हणून एक कळकळीचं. "काळे डाग जायची ती ट्यूब द्या" म्हणून रोज गिऱ्हाईक येतं. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. पहिले १५ दिवस तोंड उजळतं, म्हणून शेजारणीला सांगितलं जातं. मग कातडी पातळ, लाल, उन्हात चरचर, आणि बंद केली की मुरमांचा पूर. अशी बरीच स्टेरॉइड मलमं सरकारने २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मी देत नाही म्हणून दोन गिऱ्हाइकं कायमची तुटली, त्यात एक माझी मेहुणी.

निवांत_नाना

मेहुणी तुटली याचं दुःख की आनंद ते स्पष्ट करा.

पेन्शनर_पाटगाव

वय ७४. माझ्या चेहऱ्यावर देवीचे वण आहेत. तरुणांना देवी म्हणजे काय हे सांगावं लागतं, कारण १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. आम्ही त्याआधीचे.

त्या वेळी कोणी क्लिनिकात जात नसे. "देवीने हात फिरवला" म्हणायचे आणि पुढे चालायचे. वधूपक्षाकडून दोनदा नकार आला, तिसऱ्या ठिकाणी मुलीच्या वडिलांच्या तोंडावरही वणच होते, तिथे जमलं. माझ्या सेवापुस्तकात ओळखीची खूण म्हणून "डाव्या गालावर देवीचे वण" असं बाबूने सुवाच्य अक्षरात लिहिलंय. पन्नाशीत मुलगा म्हणाला, बाबा, लेझर करून घेऊ. मी म्हटलं, वण गेले आणि ट्रेझरीने मला ओळखलंच नाही तर पेन्शन तू देणार का?

मुलीने करायचं तर जरूर करावं. आम्हाला पर्याय नव्हता, त्यात मोठेपणा काही नाही.

आंबोळी_चटणी

काका, दंडवत.

तर्कट

सगळं छान, पण डॉक्टर साहेब पार्लर वाईट म्हणणार हे उघड आहे, त्यांचंही दुकानच. ४२ हजार पार्लरचे आणि डॉक्टरांचे ६० हजार, फरक काय? आणि कोकणातल्या माणसाने दर महिन्याला घाट चढायचा का?

डॉ_सालपटे

प्रश्न रास्त आहे. मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत हे खूपसं नाममात्र खर्चात होतं. रांग लागते, शिकाऊ डॉक्टर करतात, वर शिक्षक उभे असतात. सिंधुदुर्गातले लोक गोव्यात बांबोळीला जातात, तुम्हाला मुंबई किंवा कोल्हापूर. माझ्याकडे येऊ नका, मी कुठला तेही सांगत नाही. फक्त पैसे भरण्याआधी समोरच्याला विचारा: माझा वण कुठल्या प्रकारचा? उत्तराआधी पॅकेजचा कागद पुढे आला तर उठा.

कुर्ली_रस्सा

सिलिकॉनच्या पट्टीबद्दल कोणीच बोललं नाही. ताज्या जाड वणावर, जखम पूर्ण मिटल्यावर, दिवसाचे १२ तास तरी आणि दोन-तीन महिने लावायची. सीझरच्या वणावर मी लावली. पण ही सूचना लिहिणाऱ्याने कोकणातला मे बघितलेला नाही! घामाने तासाभरात एक कोपरा सुटायचा, दुपारी पट्टी परकराला चिकटलेली. मग साबणाने धुऊन, वाळवून फक्त रात्री पंख्याखाली लावायचे आणि दिवसा सिलिकॉन जेल. बरा बसला वण.

सुरंगीचा_वळेसर (१९ जानेवारी)

धागा वर काढतेय, कारण सगळ्यांचं देणं आहे.

पार्लरला पैसे भरले नाहीत. विचारलं, कुठल्या प्रकारचा वण? ती म्हणाली, "मॅडम, लेझर सगळ्याला एकच असतो." उठले.

जूनअखेरीपासून महिन्याला एकदा पहाटेच्या एसटीने साखरप्यावरून आंबा घाटाने कोल्हापूर. जुलैत एकदा दरड आली, चार तास घाटात, नंबर गेला, डॉक्टर तरी थांबल्या होत्या. कानात ४ इंजेक्शनं झाली. भीमरूपी पाठ नव्हतं, रामरक्षेवर भागवलं. गाठ बरीच बसलीय, खाज नाही, अजून एक-दोन घ्यावी लागतील. बुगडी आता चापाची घालते, भोक नको.

गालांवर दोन प्रकार निघाले. २ वेळा सबसिजन, बारीक भोकांना ३ वेळा ती काडी. आंबोळीताई, आवाज अगदी तसाच! पहिल्या वेळी गाल निळा घेऊन घरी आले, आईने शेजारी सांगितलं दारावर आपटली. शेजारच्या काकूंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "मुलगा हात उचलतो का गो?" दोन दिवस नवऱ्याकडचे फोन चालू होते. ऑक्टोबरपासून डॉक्टरांनी सगळं थांबवलं, लग्नाच्या तोंडावर नवीन काही नाही म्हणाल्या. खड्डे गेले नाहीत, उथळ झालेत. टॉर्च आडवा धरला तर दिसतात. मनगटाचा डाग बराच फिकट, आणि लग्नात तर वर हिरवा चुडा होता, कोणाला दिसतोय.

एकच घोळ झाला. फोटोवाल्याने न विचारता अल्बममध्ये माझे गाल इतके गुळगुळीत केलेत की हनुवटीवरचा तीळसुद्धा गेला. तो तीळ परत आणायचे आता वेगळे पैसे मागतोय.

निवांत_नाना

किती सिटिंगं म्हणतोय?